एबिनासाननी टाकलेलं उणे चिन्ह

२ ऑक्टोबर, बुधवार

आज ते पुन्हा दिसले. सहकारी भांडारात, टोफूच्या थंड पेटीसमोर. एक तुकडा उचलला, तारीख वाचली, परत ठेवला आणि हात आत घालून मागचा काढला. आई अगदी असंच करते. तिनं त्यांच्याकडून उचललं की त्यांनी तिच्याकडून, कोण जाणे.

मी तांदळाच्या थैल्यांमागे उभी राहिले. पस्तीस वर्षांची बाई, अंगात वीजकेंद्राचा गणवेश — आणि लपून बसलेय! ते पैसे देऊन गेले. पिशवीतून मुळ्याची पानं बाहेर आलेली. पाठीत थोडे वाकलेत.

एप्रिलपासून या दरीत आहे. बदली मागून घेतली. आईला सांगितलं, कंपनीनं पाठवलं.

बाबा — हा शब्द लिहिता येतो. मोठ्यानं म्हणून पाहिला नाही अजून.

३ ऑक्टोबर

तोच टोफू आणला. काही विशेष नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

आईचा फोन. योनेझावात थंडी सुरू झाली, तिनं मुळे वाळत टांगले. मग म्हणाली, "तू तिथं नक्की करतेस काय? शेजारच्या बाई विचारतात, मला सांगता येत नाही."

मी सांगत बसले. आपल्या देशात पूर्वेकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, पश्चिमेकडची साठ. दोन्हींना थेट जोडता येत नाही. आमच्या केंद्रात एकीकडची वीज घ्यायची, तिचे हेलकावे काढून ती सरळ करायची आणि पलीकडच्या तालावर पुन्हा हेलकावती करून सोडायची. हे चालवणाऱ्या यंत्राला सतत पळणाऱ्या लाटेकडे बघून हुकूम देता येत नाही. म्हणून आम्ही लाटेबरोबर फिरणारी एक चौकट मानतो. दोन अक्ष, एकमेकांशी काटकोनात, लाटेच्याच वेगानं फिरणारे. त्या चौकटीतून पाहिलं की पळणारी लाट जागच्या जागी उभी दिसते. उरतात दोन साधे आकडे. एकानं किती वीज पलीकडे जाईल ते ठरवायचं, दुसऱ्यानं व्होल्टेज सावरायचं.

आई म्हणाली, "म्हणजे चक्रावर जाऊन बसायचं आणि चक्र थांबलंय म्हणायचं."

"अगदी."

"हेच तुझे व—" तिथं थांबली. मग मुळ्यांना पाऊस लागेल म्हणून फोन ठेवला. पाऊस नव्हता. आवाज आला असता.

म्हणजे त्यांनीही तिला सांगितलं होतं. कधी? जेवताना? मी कुठे होते तेव्हा — झोपलेली? इतकी वर्षं झाली, आणि तिला ते नीट आठवतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

चाचणी फसली. जुनं नियंत्रण पॅनेल काढून नवीन बसवलंय, डिसेंबरच्या थंडीआधी संच चालू हवा. आज साठच्या बाजूला मुद्दाम जड भार टाकला. व्होल्टेज खाली गेलं. संचानं ते उचलायला हवं होतं. त्यानं आणखी खाली दाबलं. संरक्षण यंत्रणेनं सगळा पुरवठा तोडून टाकला. हॉलमध्ये एकदम शांतता.

पॅनेलवाल्यांकडचा तेराशिमा, वय अठ्ठावीस, कान लाल झालेले. "आमचं पॅनेल बरोबर आहे."

मुरामात्सुसान आमचे केंद्रप्रमुख. शांतपणे म्हणाले, "तुमचं पॅनेल बरोबर. आमचं केंद्र बरोबर. मग चूक काय आकाशातून पडली?"

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तेराशिमा आणि मी दिवसभर जुना प्रोग्राम ओळीनं वाचत बसलो. त्यानं दुपारी स्वतःच्या डब्यातलं लोणचं मला दिलं. म्हणजे भांडण मिटलं.

सापडलं. व्होल्टेज किती हवं हे ठरवणारा वरचा भाग जुनाच ठेवलाय. तो अजून जुन्या चौकटीतून हुकूम देतो, आणि त्या चौकटीत दुसरा अक्ष उलटा मोजलाय. नवं पॅनेल नव्या तारांवरून सरळ मोजतं. वरून हुकूम येतो "उचल", खाली पोचतो "दाब".

मोजमाप आत येतं तिथंच एक उणे चिन्ह. पुढे टीप नाही, कारण नाही.

तेराशिमा म्हणाला, "आमच्याकडे तो अक्ष पुढे मानतात. इथं मागे. खरं कुणाचं?"

"दोन्ही खरं. बोलणाऱ्यांनी दोघांनी एकच मानलं म्हणजे झालं."

"आणि एकानं मानलं, दुसऱ्याला सांगितलंच नाही तर?"

"तर परवासारखं."

मुरामात्सुसाननी कागदावर वाकून पाहिलं. "हे एबिनासानचं. साठच्या बाजूचा सगळा प्रोग्राम त्यांनीच लिहिला. मी तेव्हा नवा होतो. आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली शिकलो."

मी कागदच बघत राहिले.

"आता हे चिन्ह नुसतं खोडून चालणार नाही. त्यांनी ते आणखी कुठे लपवलं असेल तर? संरक्षणात असलं तर पुढच्या वेळी संच नुसता बंद पडणार नाही, जळेल. विचारायला हवं. फोन ते उचलत नाहीत. वर चहाच्या उतारावर राहतात. काताकुरासान, तुम्ही जा. तुमच्याच योनेझावाचे आहेत. गावाकडची बोली ऐकून तरी दार उघडतील."

काताकुरा हे आईचं माहेरचं नाव. मी सात वर्षांची असल्यापासून माझंही. त्याआधी मी एबिना होते. इथं कुणाला काही माहीत नाही.

"जाईन," म्हटलं.

१२ ऑक्टोबर

गेले नाही. सर्दी झाली म्हणाले.

१५ ऑक्टोबर

मुरामात्सुसान: "सर्दी बरी झाली का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. तरी लागला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गेले.

बस खालपर्यंतच जाते. पुढे चहाच्या रांगांमधून चढ. वाटेत कुमागाई आजी भेटल्या, त्यांच्या शेजारीण. पाठीवर टोपली, नजर थेट माझ्या बुटांवर. "एबिनाकडे? त्याच्याकडे कुणी येत नाही. आलीस तर जोरात हाक मार, कान गेलेत त्याचे. ऐकायचं नसतं तेव्हाच जातात म्हणा."

ते ओसरीवर बसून पर्सिमनची फळं सोलत होते. साल एकसंध, लांब. सोललेली फळं दोरीला बांधून वाशाला वाळत टांगलेली.

"केंद्रातून आले," म्हटलं. नाव पुढे तोंडातच राहिलं. त्यांनी ते विचारलं नाही. सुटले.

"बसा. हात धुवायला तिकडे." आणि एक सुरी माझ्यापुढे सरकवली. मी सोलायला लागले. माझी साल तुटत होती. त्यांनी पाहिलं, बोलले नाहीत.

आत देवघराशेजारी एका बाईचा फोटो. गोल चेहरा, हसरी, समोर ताजं फूल. ही सुमिए. खालच्या लॉजची मालकीण. तिचं नाव मी आठ वर्षांची असताना मामीच्या तोंडून ऐकलं, भिंतीपलीकडून. मला वाटायचं फार सुंदर असेल. साधी दिसते. ती वारली हे मी केंद्रात आल्यावर कळलं होतं. तिच्यावर रागवायची तयारी करून गेले होते. फूल बघून काही सुचेना.

कागद उलगडला. उण्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे अजून आहे?" आणि हसले. हसताना उजवा डोळा आधी मिटतो. माझाही. फोटोत नेहमी तक्रार.

"का टाकलं होतंत?"

"मोजमापाच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती. नळीच्या आत, वर काँक्रीट ओतून झालेलं. लाट उलटी फिरतेय असं दिसायचं. ते फोडून तारा बदलायच्या, पुन्हा सगळं तपासायचं, म्हणजे दोन दिवस. शनिवार होता. म्हटलं, तारा राहू देत उलट्या, चौकटच उलटी मानू. एक उणे टाकलं. चाललं."

"एवढ्यासाठी?"

"दुपारची गाडी पकडायची होती."

मी सोलत राहिले.

"कुठली?"

"योनेझावाची. दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेत खेळ होते. पहिलीत होती."

वाऱ्यानं दोरीवरची फळं हलली. ते पुढचं फळ घेऊन सोलू लागले.

"गाडी मिळाली?"

"मिळाली."

"मग पाहिलेत खेळ?"

"मागच्या कुंपणाबाहेरून. लाल टोपी होती तिची. धावताना सारखी मागे वळून फाटकाकडे बघायची. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पुढे बघ, पुढे बघ. चौथी आली."

चौथी आले होते. रात्री आईनं वेणी सोडताना विचारलं होतं, सारखी वळून काय बघत होतीस. मी म्हटलं, काही नाही. बाबा फाटकातून येतील असं वाटत होतं. अख्खी शर्यत मी फाटकाकडे बघितलं, आणि ते दुसऱ्या बाजूला उभे होते.

"आत का नाही गेलात?" हे मी विचारलं की मुरामात्सुसाननी पाठवलेल्या बाईनं, मलाच कळलं नाही.

"आत जायचा हक्क त्याच उन्हाळ्यात घालवून बसलो होतो." फोटोकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. "सोमवारी येऊन तारा नीट करायच्या असं ठरवलं होतं. सोमवारी आलोच नाही. आलो तोवर सगळ्यांना उलटं पाठ झालं होतं. माणसांना काहीही पाठ होतं."

मग कामाचं. चिन्ह तेवढ्या एकाच ठिकाणी, संरक्षणात नाही, असं सांगितलं. "पण माझ्या शब्दावर जाऊ नका. तपासा."

निघताना सोललेल्या फळांची एक दोरी हातात दिली. "हवेशीर टांगा. पाऊस लागू देऊ नका."

एका हातात दोरी, दुसऱ्या हातानं चहाची झुडपं धरत उतरले.

२० ऑक्टोबर

दिवसभर झोपून. उठले तेव्हा खिडकीत दोरी.

२३ ऑक्टोबर, बुधवार

संरक्षण तपासलं, प्रत्येक ओळ. ते म्हणाले तसंच. कुठेही नाही.

आता दोन मार्ग. तेराशिमाला नव्या पॅनेलमध्ये आणखी एक उणे टाकायचंय — उण्यावर उणे, अधिक, काम खलास, शुक्रवारी घरी. किंवा जुनं चिन्ह खोडायचं, वरचा भाग सरळ चौकटीत आणायचा आणि सगळ्या चाचण्या पहिल्यापासून.

मुरामात्सुसान म्हणाले, "काताकुरासान, तुमच्यावर सोडतो."

कुणालाच काही माहीत नाही. या केंद्रात त्या शनिवारची एवढी एकच खूण आहे. घाई होती, गाडी पकडायची होती, मी होते. मी "राहू दे" म्हटलं असतं तर तेराशिमा खूश झाला असता.

जेवणाच्या सुट्टीत एकटीच पॅनेलसमोर बसले. माझ्यानंतर कुणीतरी नवा येईल, त्याला दोन उणी दिसतील. टीप नसेल. आज आम्ही डोकं फोडलं तसा तोही फोडेल.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

खोडलं. मीच. एक बटण, आणखी काय.

तेराशिमा म्हणाला, "तुम्हाला बरं नाहीये का?"

"सर्दी."

"मग बरी कधी होणार ती? मुरामात्सुसान विचारत होते." हसला. मलाही हसू आलं.

३१ ऑक्टोबर

भार टाकला. व्होल्टेज खाली गेलं. संचानं उचललं, अलगद. फिरत्या चौकटीतले दोन्ही आकडे पडद्यावर सरळ रेषेत. मुरामात्सुसाननी सगळ्यांना गरम सोबाच्या शेवया खाऊ घातल्या. तेराशिमानं दोन वाट्या खाल्ल्या.

मला वर जाऊन त्यांना सांगायचंय. सगळ्यांत आधी त्यांना.

३ नोव्हेंबर, रविवार

आईला फोन लावला. ठरवून ठेवलेलं सगळं विसरले, एकदम विचारलं. "पहिलीतल्या खेळांना बाबा आले होते?"

तिकडे टीव्ही चालू होता. बंद झाला.

"भेटलीस तू."

"हो."

"कंपनीनं पाठवलं म्हणालीस."

"हो."

"कसे आहेत?"

"बारीक झालेत. पाठीत वाकलेत. एकटेच असतात. ती बाई गेली, चार वर्षं झाली."

"सुमिएसान." आईनं तिला आदराचं "सान" लावलं.

"आले होते," आई म्हणाली. "तपकिरी कोट घालून, मागच्या कुंपणाशी. मी बघितलं. तू फाटकाकडे बघत होतीस. मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं."

"मग?"

"तू धावत गेली असतीस. आणि मग मलाही जावं लागलं असतं."

मला रागवायचं होतं. कुणावर तेच ठरेना. रडत होतो दोघी, पण एकमेकींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

शेवटी विचारलं तिनं, "जेवतात का नीट? त्यांना मीठ जास्त लागतं. रक्तदाब असेल आता."

"मुळा, टोफू. नीट खातात."

"टोफू बघून घेतात का?"

"मागचा काढतात."

आई हसली. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या नावावर पहिल्यांदा.

१० नोव्हेंबर, रविवार

पुन्हा वर गेले. चिन्ह खोडलं हे सांगायला, असं निमित्त. केंद्राचं काम संपलंय हे त्यांनाही कळतंय, मलाही.

त्यांनी अळकुड्यांचं कालवण केलं होतं. गोमांस, सोया, कांद्याची पात. "इथले लोक यात मिसो घालतात. आमच्याकडे नाही घालत."

आमच्याकडे! म्हणजे अजून योनेझावाच.

माझी वाटी न विचारता दुसऱ्यांदा भरली.

"खोडलं मी ते," म्हटलं. "सगळं सरळ केलं. चालतंय."

"बरं केलंत. मला जमलं नाही ते." मग थोड्या वेळानं, "तुम्ही कुणाकडून शिकलात हे काम?"

"विद्यापीठात. मग कामावर." घरी एक पुस्तक होतं, आईनं माळ्यावर टाकलेलं, पहिल्या पानावर तुमचं नाव होतं, ते मी चौदाव्या वर्षी लपून वाचलं आणि एक अक्षर कळलं नाही — हे सांगितलं नाही. उरलेली फळं सोलायला घेतली.

"हातात सुरी मात्र नीट धरत नाही तुम्ही. अंगठा इकडे." आणि दाखवलं. मग माझा अंगठा स्वतःच्या बोटांनी सरकवला. खरखरीत, गरम हात. मी हललेच नाही. सालीचं लांब वेटोळं माझ्या सुरीखालून सुटत गेलं, तुटलं नाही.

कुमागाई आजी कुंपणावरून डोकावून म्हणाल्या, "एबिना, केंद्रात अजून बिघाड आहे वाटतं? बाई सारखी दुरुस्तीला येते."

ते म्हणाले, "माझे कान गेलेत."

निघताना ओठांवर आलं होतं. बाबा. तोंड उघडलं आणि म्हणाले, "कालवण छान होतं."

"दोन आठवड्यांनी पर्सिमन तयार होतील. त्या रविवारी या."

१४ नोव्हेंबर

त्या रविवारी सांगायचं. ठरलं.

काय सांगायचं? मी शिओरी. एवढंच पुरे आहे का? की आधी आईचा निरोप — पण आईनं निरोप दिलेला नाहीच. नुसतं मिठाचं विचारलं.

१७ नोव्हेंबर

आईला सांगितलं, पुढच्या रविवारी सांगणार आहे त्यांना. ती "बरं" म्हणाली. मग, "थंडी आहे, मफलर घालून जा." मग, "सांगितल्यावर मला फोन कर. किंवा नको करूस. कर."

२१ नोव्हेंबर

मुरामात्सुसाननी बदलीचं विचारलं. काम झालंय, हवं तर मार्चमध्ये पूर्वेकडे परत जाता येईल. विचार करून सांगते म्हटलं. सहा महिन्यांपूर्वी हा प्रश्न आला असता तर उत्तर तयार होतं. आता नाही.

संध्याकाळी पायऱ्यांवर उभी राहून वर चहाच्या उताराकडे पाहत होते. एक दिवा लागला. त्यांचाच असेल असं धरून चालले.

२४ नोव्हेंबर, रविवार

घर बंद. ओसरी झाडलेली, पर्सिमन दोरीवरून काढून नेलेले. मी दारासमोर उभी. सांगायची वाक्यं सगळी पाठ.

कुमागाई आजी टोपली खाली ठेवून म्हणाल्या, "पहाटेच्या बसनं गेला. सूट घालून, मफलर बांधून, खोकं भरून फळं घेऊन! मी म्हटलं, एवढा नटून कुठं, लेकीला भेटायला? तर म्हणतो, लेक इथंच आहे, खाली केंद्रात. तिच्या आईकडे चाललोय."